दवाखान्यात स्टडी चालवायचाय? आधी कंपाउंडरला गाठा

मोठ्या हॉस्पिटलात रिसर्च करणं वेगळं आणि फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात करणं वेगळं, हे स्टडीचं रोजचं काम बघणाऱ्या नवीन कोऑर्डिनेटरला पहिल्या आठवड्यातच कळतं. तिकडे रिसर्चची खोली असते, नर्स असते, फ्रीज असतो. इकडे डॉक्टर, एक कंपाउंडर, बाहेर बाकडं आणि बाकड्यावर खोकणारी गर्दी. मी इथे बीपी-शुगरच्या पेशंटचा वर्षभर फॉलोअप घ्यायचा साधा स्टडी धरून लिहितेय, आठ-दहा क्लिनिक, थोडी शहरात थोडी तालुक्याला, कारण बहुतेकांच्या वाट्याला असलंच काम येतं.

कागदपत्रं आधी. स्टडीला मंजुरी देणारी एथिक्स कमिटी लागते, आणि डॉक्टर हमखास विचारतात, "अहो माझ्याकडे कुठली एथिक्स कमिटी?" औषधाची रीतसर ट्रायल असेल तर क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्या साइटची किंवा स्वतंत्र कमिटी चालते, फक्त ती त्याच शहरात किंवा ५० किमीच्या आत हवी आणि रजिस्टर्ड हवी. म्हणजे तालुक्याचं क्लिनिक घेताना आधी नकाशा उघडायचा, मग डॉक्टरांना फोन करायचा. ट्रायल असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधीच व्हायला हवी, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी घेतच नाहीत. पैसे लागत नाहीत, पण शंका काढून फॉर्म परत येतात, त्यामुळे उद्घाटनाची तारीख ठरवून मग फॉर्म भरायला बसू नका.

क्लिनिक निवडताना डॉक्टर म्हणतील "महिन्याला पन्नास पेशंट सहज देतो". खोटं नसतं बोलत ते, पण त्यांच्या डोळ्यासमोर सगळे शुगरवाले असतात आणि तुमच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे स्टडीच्या लेखी आराखड्यात, वय, औषध, किडनी, प्रेग्नन्सी अशा दहा चाळण्या असतात. एक संध्याकाळ ओपीडीत कोपऱ्यात बसा आणि चाळणीतून किती उरतात ते स्वतः मोजा, तोच आकडा वर कळवा.

आता कंपाउंडर. दवाखाना तोच चालवतो. कोण कुठल्या वारी येतं, कोण औषध अर्धवट सोडतं, कोणाची सून आजारी आहे, सगळं त्याला पाठ. स्टडीतल्या पेशंटच्या केस पेपरवर छोटा रंगीत स्टिकर लावायचं काम तोच करणार, आणि त्याला स्टडी कशाचा आहे हे कोणी नीट सांगितलेलंच नसतं, डॉक्टर आत सही करून मोकळे. त्याला चहा घेऊन दहा मिनिटं बसवा, ट्रेनिंग लॉगमध्ये त्याचं नाव घाला, आणि जादा कामाचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा, ते कमिटीला दाखवून. फक्त 'पेशंटमागे इतके' असं ठेवू नका, मग नको ते पेशंट आत ढकलले जातात.

संध्याकाळी सहा ते नऊ डॉक्टरांशी बोलायला जाऊ नका. दुपारी ओपीडी संपली की जेवणाआधी पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात तीन मुद्दे, बस. औषध कंपन्यांच्या एमआर लोकांकडून शिकण्यासारखं आहे हे, त्यांना वेळ बरोबर कळते.

कन्सेंट ही सगळ्यात नाजूक जागा. पेशंटचा डॉक्टरवर वीस वर्षांचा विश्वास असतो, तो म्हणतो "डॉक्टर सांगतायत ना, कुठे सही करू?" ही संमती नव्हे. डॉक्टरांनी फक्त ओळख करून द्यावी, माहितीपत्रक तुम्ही बाहेर शांत जागी वाचून दाखवा, आणि शेवटी विचारा, "काका, नाही म्हटलं तर काय होईल?" "काही नाही, औषध तसंच चालू राहील" असं उत्तर आलं तर पुढे जा. "डॉक्टर रागावतील" असं आलं तर परत पहिल्यापासून. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याबरोबर स्टडीशी संबंध नसलेला साक्षीदार हवा, अंगठा पेशंटचा आणि सही साक्षीदाराची. तो साक्षीदार कंपाउंडर नको, तो आता टीममध्ये आहे. मराठीही पेशंटची ठेवा, ट्रायलच्या पत्रकात 'यादृच्छिक' वाचून काकू तुमच्याकडे नुसत्या बघत राहतात, 'चिठ्ठी टाकून ठरवणार' म्हटलं की लगेच समजतं.

मोजमापात सगळ्यात जास्त घोळ बीपीचा. पेशंट जिना चढून आला, गप्पा मारत बसला, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला आणि आकडा लिहिला १५०/९०. हे प्रत्येक क्लिनिकमध्ये होणारच असं धरून चाला. पाच मिनिटं गप्प बसवणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, दंडाच्या मापाचा पट्टा, मिनिटभराच्या अंतराने दोन रीडिंग. मशीन सगळीकडे एकच मॉडेल द्या. शेवटी शून्य असलेलीच रीडिंग फार दिसायला लागली, १४०, १३०, १५०, तर कोणीतरी अंदाजे लिहितंय समजा.

रक्ताचं सँपल असेल तर ग्लुकोजसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइड ट्यूब, कारण साध्या ट्यूबमध्ये पेशी साखर खात राहतात आणि रीडिंग तासागणिक खाली येतं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) जांभळ्या ट्यूबमध्ये, त्याला उपाशीपोटी यायची गरज नाही, हे पेशंटला सांगा म्हणजे बिचारा चक्कर येईपर्यंत थांबत नाही.

फॉलोअपची तारीख कॅलेंडरवर टाकताना कालनिर्णय शेजारी उघडून ठेवा. गणपतीत कोकणातले गावी जातात, आषाढीच्या आधी वारकरी पंढरपूरच्या वाटेवर असतात, ऊसतोडीची माणसं दिवाळीनंतर जातात ती उन्हाळा लागेपर्यंत येतच नाहीत, आणि श्रावण-नवरात्रात उपासामुळे शुगरचे आकडेच वेगळे. फोन नंबर दोन घ्या, एक बहुतेक वेळा मुलाचा असतो आणि तो दिवसभर कामावर. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर आजाराचं नाव घ्यायचं नाही, "दवाखान्यातून बोलतेय" एवढंच. क्लिनिकच्या ग्रुपवर केस पेपरचे फोटोही टाकू देऊ नका, स्टडी नंबर पुरे.

फॉर्मवर चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर दिसला की दुकानात परत पाठवा. आठवड्याला एकदा पाच फॉर्म केस पेपरशी ताडून बघा, महिनाअखेरीला सगळे एकदम बघू म्हटलं की डॉक्टरांनाही काही आठवत नाही.

आणि ॲडमिशन. स्टडीतला माणूस स्कूटरवरून पडून ॲडमिट झाला तरी ती गंभीर घटनाच धरतात, "पण औषधाचा काय संबंध" हे ठरवणं नंतरचं काम. नियमाखालच्या ट्रायलमध्ये २४ तासांच्या आत कळवावं लागतं, आणि छोट्या क्लिनिकची अडचण ही की पेशंट ॲडमिट दुसरीकडेच होतो, डॉक्टरांना कळतं पंधरा दिवसांनी. म्हणून पेशंटला खिशात ठेवायला एक कार्ड द्या, त्यावर तुमचा नंबर, आणि घरच्यांनाही दाखवायला सांगा. कंपाउंडरलाही सांगून ठेवा, गावातली बातमी त्याच्याकडे तुमच्या आधी पोचते.