बंद घराची चुगली करणाऱ्या या चुका टाळा

आमच्या वाडीत २८ घरं. गणपतीत सगळी उघडी, शिमग्यात बहुतेक, आणि एरवी दिवेलागणीला उजेड दिसतो तो जेमतेम ११ घरांत. बाकीची माणसं मुंबई, ठाणे, पुण्याला. त्यांतल्या चार घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. आमची वाडी गुहागर तालुक्यात, समुद्राच्या अंगाला. पण श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही गेलात तरी थोड्याफार फरकाने हेच दिसेल.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात त्या चारांतलंच एक घर फुटलं. रोज संध्याकाळी येता-जाता मी पाखाडीवरून त्या घराकडे नजर टाकत होतो. पुढच्या दाराला कुलूप जागच्या जागी, ओटी स्वच्छ, म्हणजे सगळं ठीक असं धरून चाललो. पाचव्या दिवशी पडलेले नारळ गोळा करायला मागे आगरात गेलो, तर पाठचं दार नुसतं लोटलेलं. आतून लावलेली कडी शाबूत होती. नकुचा, म्हणजे कडी अडकते ते चौकटीतलं कडं, मात्र चौकटीतून उपटून कडीलाच लोंबत होता. त्याचे स्क्रू अर्ध्या इंचाचे, गंजलेले, आणि त्यांच्या आट्यांत ओल्या लाकडाचा काळा भुसा अडकलेला. ज्या पहारीने दार उचकटलं, ती त्याच घरातली. पडवीत उभी करून ठेवलेली होती. तांब्याचा बंब गेला, पितळी पातेल्यांची चळत गेली, दोन समया गेल्या आणि कपाटातली एक मोहनमाळ. घराच्या मालकीण काकींना फोन केला तेव्हा त्या माळेबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे, ती समई माझ्या सासूबाईंची होती रे."

तेव्हापासून मी वाडीतली बंद घरं वेगळ्या नजरेने बघायला लागलो. आपण कुठे कुठे चुकतो ते या तीन वर्षांत जेवढं कळलं, तेवढं इथे सांगतो.

पुढच्या दारावर सगळा खर्च

ओटीच्या दाराला दोन-अडीच हजारांचं कुलूप, सागवानी फळ्या, बाहेरून लोखंडी ग्रिल. आणि मागच्या न्हाणीघराच्या दाराला फणसाची जुनी फळी, तिला एक खिट्टी. आपल्याकडच्या घरांची ठेवणच अशी आहे की पाठची बाजू आगराकडे किंवा परसाकडे उघडते. तिथे माडा-पोफळींची दाटी असते, गडगा कमरेएवढा असतो, आणि रस्त्यावरून काही म्हणजे काही दिसत नाही. घर फोडणारा पुढून कशाला येईल?

त्यात पावसाळा. पाठच्या दारावर पागोळ्यांचं पाणी चार महिने उडत असतं. चौकटीचा खालचा हातभर भाग आणि नकुच्याभोवतीचं लाकूड आतून भुसभुशीत होतं. वरून रंग असल्यामुळे कळत नाही. नखाने किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर तिथे लावलेली कितीही भारी कडी उपयोगाची नाही, आधी चौकटीचा तो तुकडा बदलून घ्या. नवा नकुचा बसवताना सुताराला सांगा की छोटे स्क्रू नकोत. चौकटीतून आरपार जाणारा बोल्ट घाल आणि आतून वायसर-नट आवळ. जिथे आरपार भोक पाडता येत नाही तिथे निदान अडीच-तीन इंची स्क्रू. आणि जुन्या घरांत असायचा तो अडसर परत बसवा. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत खोबण आणि मधे आडवा लाकडी दांडा, एवढंच ते काम. पहारीने कडी उचकटते, पण भिंतीत रुतलेला अडसर सहजी हलत नाही. आजोबांच्या काळातली ही वस्तू आपण घराचं नूतनीकरण करताना अडगळ म्हणून काढून टाकली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर बिजागऱ्यांच्या पिना बाहेर येतात. पिन ठोकून काढली की कुलपासकट दार निघतं. लोहाराकडून पिनांची टोकं वेल्डिंगने बंद करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

कौलं विसरणं

कौलारू घरात दाराशी झटायची गरजच पडत नाही. चार कौलं सरकवली की माणूस आत उतरतो आणि जाताना पाठचं दार आतून उघडून निघून जातो. त्याला छपरावर चढायला मदत करते ती आपलीच शिडी. आंबे उतरवायची, माडाची झापं काढायची शिडी वर्षभर मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली असते. पडवीत कोयता, टिकाव, पहार. ही सगळी हत्यारं मांगरात, म्हणजे आवारातल्या सामानाच्या खोपटात, ठेवून मांगराला कुलूप घाला. शिडी मोठी असेल तर आडवी करून साखळीने खांबाला बांधा.

छप्पर परतवायला काढाल तेव्हा रिपांच्या खालून, वाशांना धरून वेल्डमेशची जाळी मारून घ्या. सगळ्या घराला परवडत नसेल तर निदान देवघर आणि कपाटाच्या खोलीवर. तेही जमत नसेल तर घर बंद करताना प्रत्येक खोलीचं दार वेगळं कडी घालून कुलूपबंद करा. पडवीतून उतरलेल्या माणसाला माजघरात शिरायला पुन्हा झटावं लागलं पाहिजे, पुन्हा आवाज झाला पाहिजे.

कुलूप अडकतं म्हणून ते न लावणं

खाऱ्या हवेत लोखंडी कुलूप एका पावसात गंजतं. किल्ली आत जाते, फिरत नाही. मग आपण खोबरेल तेल सोडतो. चार दिवस बरं चालतं, नंतर त्यात धूळ बसून चिकटा होतो आणि कुलूप पहिल्यापेक्षा जास्त अडकतं. शेवटी कंटाळून माणूस कडीत काडी खोचून जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अडकलेल्या कुलपाच्या किल्लीला पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळा आणि दोन-चार वेळा आत-बाहेर करा. नवं घेताना पितळी घ्या. कडी-कोयंडा स्टेनलेसचा घेणार असाल तर समुद्राजवळ ३०४ ग्रेडवरही तांबूस डाग धरतात, ३१६ महाग पडतो पण टिकतो.

किल्ली तुळशीवृंदावनात, वळचणीला, कुंडीखाली ठेवू नका. या तीन जागा कोकणात लहान पोराला माहीत असतात. आणि घराचं काम करायला गवंडी, रंगारी, वायरमन येऊन गेले, महिनाभर किल्ली हातोहात फिरली, तर काम संपल्यावर कुलूप बदला. कुणावर संशय म्हणून नव्हे. किल्ली किती ठिकाणी पोचली हे आता कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून.

घर बंद आहे हे ओरडून सांगणाऱ्या खुणा

चोर आधी येऊन बघून जातो. तो काय बघतो? दिवसाउजेडी जळणारा ओटीवरचा बल्ब. जाताना "दिवा चालू ठेवूया, घरात कोणी आहे असं वाटेल" म्हणून लावलेला तो बल्ब सकाळी ११ वाजता जळताना दिसला की उलटच कळतं. संध्याकाळी आपोआप लागणारा आणि पहाटे विझणारा सेन्सरचा बल्ब आता साध्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, तो लावा.

वाळलेली तुळस. ग्रिलला खोचून राहिलेली तीन महिन्यांची वीजबिलं. खळ्यात, म्हणजे अंगणात, गुडघाभर वाढलेलं गवत. आणि पावसाळ्यातली सगळ्यांत मोठी खूण म्हणजे शेवाळ. रोजच्या वर्दळीच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर मधोमध शेवाळ धरत नाही, पावलांनी ते घासलं जातं. ज्या घराच्या पायऱ्या काठापासून काठापर्यंत हिरव्यागार, तिथे आठवडाभर पाऊल पडलेलं नाही हे कुणीही ओळखेल.

यावर पैसे टाकून उपाय नाही, माणूस लागतो. शेजारच्या घराशी स्पष्ट बोला. नुसतं "लक्ष ठेवा हां" म्हणून निघून जाऊ नका. आठवड्यातून दोनदा खळ्यातून, पाठीमागून चक्कर मारायची, तुळशीला पाणी घालायचं, बिलं उचलून ठेवायची, एखाद दिवशी ओटीवर कपडे वाळत घालायचे, हे ठरवून सांगा. त्यांच्याकडून काही काम होत असेल तर त्याचा मोबदला द्या, आगरातले नारळ-सुपाऱ्या त्यांनी घ्याव्यात म्हणा. आमच्याकडे याच देण्याघेण्यावर बंद घरं टिकून आहेत.

महिन्याभरासाठी घर बंद करताना गावच्या पोलीस पाटलाला आणि ठाण्यातल्या बीट अंमलदाराला (आपला भाग ज्याच्याकडे असतो त्या पोलिसाला) सांगून जा, आपला फोन नंबर लिहून द्या. बरेच जण संकोचतात. त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

गणपतीतलं सोनं

गौरी सजवायला, नव्या सुनेच्या ओवशाला (गौरीपुढे सूप ओवाळायच्या विधीला) दागिने बँकेतून बाहेर येतात. हौस असते, असायलाच हवी. पण सजवलेल्या गौरीचा फोटो, त्यात गळ्यातली प्रत्येक माळ स्पष्ट, त्याच दिवशी स्टेटसला जातो. मग विसर्जनाला घरातली झाडून सगळी माणसं नदीवर किंवा समुद्रावर. घर दोन-तीन तास रिकामं, ढोल-ताशांच्या आवाजात कडी मोडल्याचंही ऐकू येणार नाही. शिमग्यात पालखीबरोबर गेल्यावर, रात्री नमनाचा, म्हणजे आपल्या लोकनाट्याचा, खेळ बघायला गेल्यावर तेच. विसर्जनाला घरटी एक माणूस मागे थांबेल, निदान वाडीत दोघं-तिघं फिरते राहतील, हे आदल्या दिवशी ठरवा. आमच्या वाडीत आता तशी पाळी लावतो. फोटो टाकायचेच तर चाकरमानी परत गेल्यावर, दागिने लॉकरमध्ये पोचल्यावर टाका.

दागिने "पुढच्या सणाला लागतीलच" म्हणून गावच्या कपाटात ठेवायची पद्धत मोडा. ती मोहनमाळ अशीच राहिली होती. आणि दुपारच्या वेळी "भांडी, दागिने पॉलिश करून देतो" म्हणत येणाऱ्या माणसाला ओटीवर बसवू नका, घरी एकटी आजी असेल तर मुळीच नाही.

कॅमेरा लावून निर्धास्त होणं

कॅमेरा वाईट नाही. पण किनाऱ्यावर त्याच्याकडून नक्की काय होतं ते समजून घ्या. वीज गेली की कॅमेरा बंद, आणि राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर कॅमेऱ्याला बॅटरी असूनही फोनवर चित्र येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. साध्या पावसातही एखादी फांदी तारेवर पडली की आठ-दहा तास जातात.

चित्र रात्री पांढरं-धुरकट येत असेल तर बहुतेक वेळा काचेसमोर कोळ्याचं जाळं असतं. रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी. काचेवर मिठाचा थरही बसतो. शेजारच्यांना पंधरा दिवसांनी गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसायला सांगा. रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीशेजारी ठेवू नका, चोर तोच उचलून नेतो. माळ्यावर किंवा आतल्या खोलीत ठेवा. बसवणाऱ्याने दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा. रात्री दोनला बोरिवलीत फोनवर सूचना आली, आगरात माणूस दिसला, तर तुम्ही कुणाला उठवणार? ११२ लावा, पण त्याबरोबर वाडीतल्या निदान तिघांचे नंबर तुमच्याकडे हवेत, आणि रात्री फोन वाजला तर तो चोरीचा असू शकतो हे त्या तिघांना माहीत हवं.

अनोळखी दिसला की धरून मारणं

एखाद्या गावात चोरी झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतात, "टोळी आली आहे, सावध राहा". पुढच्या दोन दिवसांत चादरी विकणारा, भंगारवाला, रस्ता चुकलेला ट्रकचालक, कुणीही अडवला जातो. हे अत्यंत चुकीचं आहे. निरपराध माणसाला मार बसतो, आणि गावातल्याच कुणी माहिती पुरवली असेल तर तिकडे लक्षच जात नाही. गाडीचा नंबर टिपा, पोलीस पाटलाला कळवा, हात लावू नका.

चोरी झाल्यावर होणाऱ्या चुका

पहिली चूक म्हणजे आत शिरणं. आमच्याकडेही तेच झालं. मी ओरडलो, दहा माणसं आली, सगळी माजघरात गेली, कुणी कपाटाचं दार बंद केलं, कुणी सांडलेलं उचललं. ठसे तिथेच पुसले गेले. घर फुटलेलं दिसलं तर उंबऱ्याबाहेर थांबा, ११२ लावा, अंगणातही माणसं फिरू देऊ नका.

दुसरी म्हणजे "भांडीच तर गेली" म्हणून तक्रार न करणं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३३१ प्रमाणे रात्री घर फोडून चोरी केली तर १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा याला क्षुल्लक समजत नाही, आपणही समजू नये. तुम्ही मुंबईत असाल तर गावी पोचेपर्यंत थांबायची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, जवळच्या ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

तक्रारीत "दागिने व भांडी" एवढंच लिहिलं तर माल सापडला तरी तो तुमचा कसा ठरवणार? आजच बसून यादी करा. १ एप्रिल २०२३पासून विकल्या जाणाऱ्या सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो, तो टिपून ठेवा. जुन्या दागिन्यांचे आणि पितळी भांड्यांचे फोटो काढा. भांड्यांवर कोरलेली नावं वाचता येतील असे जवळून. घराचा विमा असेल तर अट वाचा, अनेक पॉलिसींत ठरावीक दिवसांपेक्षा जास्त काळ सलग बंद राहिलेल्या घराला चोरीची भरपाई मिळत नाही.

पंचनामा झाला की त्याच दिवशी सुताराला बोलवा. एकदा जमलेल्या घरात चोर पुन्हा येतो.

काकींच्या घराची मागची चौकट आम्ही त्याच आठवड्यात बदलली, आरपार बोल्ट घातले, अडसर बसवला. आता त्या घराकडे जाताना मी आगरातून शिरतो. पाठच्या दारावर तळहाताने जोर देऊन बघतो, छपराकडे एकदा नजर टाकतो, मग वळसा घालून पुढे येतो आणि तुळशीला पाणी घालतो. ओटीवरचं कुलूप सगळ्यांत शेवटी.