शाळेतील गोळीबार आणि पोलिसांचे उत्तरदायित्व: अमेरिकेतील मराठी पालकांनी काय विचारावे, कोणाला विचारावे

टेक्सासमधील युवाल्डी गावातील रॉब प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ रोजी बंदूकधारी शिरला, तेव्हापासून पोलिसांनी त्याला ठार करेपर्यंत ७७ मिनिटे गेली. तोवर वेगवेगळ्या खात्यांचे मिळून ३७६ पोलीस तेथे जमले होते. १९ मुले आणि दोन शिक्षिकांचा जीव गेला. टेक्सास विधिमंडळाच्या समितीने त्याच वर्षी जुलैमध्ये आणि केंद्रीय न्याय खात्याने जानेवारी २०२४ मध्ये अहवाल दिले. मनुष्यबळ आणि शस्त्रे पुरेशी होती, पण नेतृत्व कोणीही हाती घेतले नाही, हे दोन्ही अहवालांतून दिसते. शाळेच्या लेखी आराखड्यानुसार ते काम स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, पोलीसप्रमुखाचे होते. आपण त्या दिवशी प्रमुख आहोत असे आपल्याला वाटलेच नव्हते, असे त्याने नंतर सांगितले.

अशा प्रसंगानंतर न्यायालय पोलिसांना जाब विचारेलच, असे गृहीत धरून चालू नये. सरकारी यंत्रणेने एखाद्या व्यक्तीला दुसऱ्याच्या हिंसेपासून वाचवलेच पाहिजे असे घटनात्मक बंधन सर्वसाधारणपणे नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या डिशेनी खटल्यात म्हटले आणि २००५ च्या कॅसल रॉक खटल्यात पोलिसांच्या संदर्भातही तीच दिशा कायम ठेवली. फ्लोरिडातील पार्कलंड येथे १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण मारले गेले, तेव्हा शाळेवर नेमलेला शेरिफचा (काउंटीच्या पोलीसप्रमुखाचा) सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेर थांबून राहिला. त्याच्यावर फौजदारी खटला चालला आणि जून २०२३ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. म्हणून पालकाच्या हाती खरी ताकद असते ती घटनेच्या आधी, जेव्हा नियमातील शब्द बदलता येतात आणि कोणाचे काम काय हे कागदावर आणता येते. हे मार्गदर्शन त्या आधीच्या काळासाठी आहे.

पहिले काम म्हणजे आपल्या शाळेचे पोलीस नेमके कोणते, हे शोधणे. भारतात पोलीस दल राज्याचे असते, त्यामुळे ‘पोलीस’ म्हटले की एकच यंत्रणा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र एकाच शाळेच्या दारात शहराचे पोलीस, काउंटीचा शेरिफ, राज्याचे पोलीस आणि काही ठिकाणी स्कूल डिस्ट्रिक्टचे स्वतःचे पोलीस दल असे चौघे पोहोचू शकतात, आणि प्रत्येकाचा वरिष्ठ वेगळा असतो. शाळेत दिसणारा गणवेशातील माणूस, म्हणजे स्कूल रिसोर्स ऑफिसर, बहुधा शाळेचा नोकर नसतो. डिस्ट्रिक्ट आणि पोलीस खाते यांच्यातील लेखी करारानुसार तो तेथे असतो. हा करार मागून घ्यावा. तो अधिकारी कोणाला उत्तरदायी आहे, त्याच्याविरुद्धची तक्रार कोण ऐकतो, मुलांच्या साध्या शिस्तभंगात त्याने पडावे की नाही आणि दरवर्षी त्याला कोणते प्रशिक्षण मिळते, हे चार मुद्दे त्यात सापडले नाहीत तर तो करारच अपुरा आहे असे समजावे.

याच टप्प्यावर दूरध्वनीचा प्रश्नही विचारून घ्यावा. पार्कलंडमध्ये मोबाइलवरून ९११ ला केलेले फोन शेजारच्या कोरल स्प्रिंग्स शहराच्या केंद्रात जात होते आणि तेथून ते शेरिफच्या केंद्राकडे वळवावे लागत होते. आपल्या शाळेतून मुलाने मोबाइलवरून ९११ लावला तर तो कोणत्या केंद्रात वाजतो, आणि इमारतीच्या आतल्या भागात पोलिसांचे वायरलेस संच चालतात का, याची चाचणी शेवटची केव्हा झाली? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्याचे उत्तर तयार नसलेले अधिकारी बरेच भेटतात.

दुसरे काम नियमाचा मजकूर वाचणे. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत सुरुवातीला पोहोचलेले पोलीस विशेष पथकाची वाट पाहत बाहेर राहिले. त्यानंतर देशभर प्रशिक्षणाची दिशा बदलली आणि जो पहिला पोहोचेल त्याने, एकटा असला तरी, गोळीबाराच्या दिशेने जावे हे तत्त्व रुजले. तरीही पार्कलंडच्या वेळी ब्रॉवर्ड काउंटीच्या शेरिफ खात्याच्या नियमात अधिकारी आत ‘जाऊ शकतो’ असे लिहिलेले होते, ‘जाईल’ असे नव्हते. चौकशी आयोगाने या सवलतीवर बोट ठेवले आणि पुढे तो मजकूर बदलला. आपल्या पोलीस खात्याच्या नियमात या जागी कोणते क्रियापद आहे हे शोधण्यास फार तर अर्धा तास लागतो, कारण अनेक खाती आपली नियमपुस्तिका संकेतस्थळावर ठेवतात. ‘परिस्थितीनुसार’, ‘विवेकानुसार’ असे शब्द सापडले, तर तेच आपल्या पहिल्या पत्राचा विषय ठरावेत.

प्रशिक्षण मुरले असेल तर काय होते, हे नॅशव्हिलच्या कव्हनंट शाळेत २७ मार्च २०२३ रोजी दिसले. तेथेही सहा जणांचे प्राण गेले, पण पहिल्या फोनपासून चौदा मिनिटांच्या आसपास पोलिसांनी हल्लेखोराला गाठून ठार केले होते आणि दुसऱ्याच दिवशी बॉडी कॅमेऱ्याचे चित्रण जनतेसमोर ठेवले. याउलट युवाल्डीतील बरेचसे चित्रण आणि ध्वनिमुद्रण वृत्तसंस्थांना न्यायालयात जाऊन मिळवावे लागले, आणि शहराकडील मोठा साठा ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळाने, खुला झाला. पोलीस खात्याने चित्रण किती दिवसांत प्रसिद्ध करायचे याचा लेखी नियम आहे का, हेही म्हणूनच आधी विचारून ठेवावे.

कागद मागायचे कसे, हे माहितीचा अधिकार वापरलेल्या वाचकाला अवघड जाणार नाही. मात्र येथे फरक आहेत. केंद्र सरकारचा कायदा एफबीआयसारख्या यंत्रणांना लागू होतो. शाळा, शहर पोलीस आणि शेरिफ यांना राज्याचा कायदा लागतो, आणि प्रत्येक राज्याची मुदत निराळी असते. कॅलिफोर्नियात कागद देणार की नाही हे दहा दिवसांत कळवायचे असते. न्यूयॉर्कमध्ये पाच कामकाजी दिवसांत अर्जाची दखल घ्यावी लागते. टेक्सासमध्ये माहिती रोखायची असेल तर खात्याला साधारणपणे दहा कामकाजी दिवसांत राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे निर्णय मागावा लागतो. बहुतेक राज्यांत अर्जदार नागरिक असण्याची अट नाही, त्यामुळे एच-वन-बी व्हिसावरील पालकही अर्ज करू शकतो. व्हर्जिनिया आणि टेनेसीसारख्या काही राज्यांनी हा हक्क आपल्या नागरिकांपुरता ठेवला आहे, आणि व्हर्जिनियाची ती मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मान्य केली. तेथे शंका असेल तर नागरिक असलेल्या शेजाऱ्याच्या सहीने अर्ज करावा.

अर्जात इमारतीचा नकाशा, कॅमेऱ्यांच्या जागा किंवा सुरक्षेचा संपूर्ण आराखडा मागू नये. तो नाकारला जाईल, आणि नाकारण्यास योग्य कारणही आहे. मागावे ते असे: पोलीस आणि डिस्ट्रिक्ट यांच्यातील करार, सशस्त्र हल्ल्याच्या वेळच्या हालचालीचा नियम, गेल्या दोन वर्षांतील संयुक्त सरावांच्या तारखा आणि त्यात कोणकोणती खाती होती, सरावानंतर लिहिलेले त्रुटींचे टिपण, आणि वर्गांच्या दारांच्या कुलपांबाबत आलेल्या दुरुस्तीच्या मागण्या. शेवटची बाब मुद्दाम सांगितली आहे. युवाल्डीत हल्लेखोर ज्या वर्गांत होता तेथील एका दाराचे कुलूप नीट लागत नसल्याचे शाळेत माहीत होते. पोलीस किल्ली शोधत राहिले, पण दार उघडे आहे का हे कोणी पाहिले नाही. अर्ज नाकारला गेल्यास कोणत्या कलमाखाली नाकारला हे लेखी मागून घ्यावे आणि अपील करावे.

हे कागद हाती आले की स्कूल बोर्डाची बैठक गाठावी. नागरिकांना बोलण्यासाठी बहुधा दोन-तीन मिनिटे मिळतात आणि त्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते. आपल्या लोकांची सवय अशी की महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाचे नियोजन सहा महिने चालते, पण बोर्डाच्या बैठकीची तारीख कोणाला ठाऊक नसते. तीन मिनिटांत भीती, संताप आणि सूचना असे सर्व मांडू नये. एकच प्रश्न विचारावा, तो लेखी स्वरूपात सचिवाकडे द्यावा आणि उत्तर कोणत्या बैठकीत मिळेल हे तेथेच विचारावे. वेगवेगळ्या कुटुंबांनी एकेक प्रश्न वाटून घेतला तर अधिक चांगले. दप्तरात घालण्याच्या बुलेटप्रूफ पाट्या आणि महागड्या कॅमेरा यंत्रणा यांवर चर्चा भरकटू देऊ नये. विक्रेत्यांना ती हवी असते, आणि बोर्डालाही खरेदी दाखवणे कार्यपद्धती बदलण्यापेक्षा सोपे जाते.

प्रतिबंधाचा मोठा भाग पोलीस दारात येण्याच्या कितीतरी आधी घडतो. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ या काळातील ४१ शालेय हल्ल्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येक हल्लेखोराच्या वागण्यात आधी काळजी वाटावी असे काहीतरी दिसले होते, आणि बंदुका वापरलेल्या बहुतेक घटनांत त्या आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून आलेल्या होत्या. २०२१ च्या दुसऱ्या अभ्यासात वेळीच उधळलेले ६७ कट तपासले आहेत. कोणीतरी, बहुधा बरोबरीच्या मुलाने, ऐकलेले सांगितले म्हणून त्यांतील बरेच थांबले. म्हणून शाळेत निनावी सूचना देण्याची सोय आहे का, एवढेच विचारून थांबू नये. कोलोरॅडोत २००४ पासून सेफ टू टेल आहे, मिशिगनमध्ये ओके टू से आहे, इतर ठिकाणीही अशा सोयी आहेत. आलेली सूचना रात्री दोन वाजता कोण वाचतो, तो कोणाला उठवतो आणि प्रकरण बंद झाले असे कोणाच्या सहीने ठरते, हे विचारावे. पार्कलंडच्या हल्लेखोराविषयी एफबीआयला ५ जानेवारी २०१८ रोजी स्पष्ट इशारा मिळाला होता. तो मायामी कार्यालयाकडे गेलाच नाही. पुढे सरकारने पीडित कुटुंबांशी सुमारे १२ कोटी ७५ लाख डॉलरची तडजोड केली.

सूचनांवर विचार करण्यासाठी शाळेत थ्रेट असेसमेंट टीम, म्हणजे धोका किती खरा आहे हे तपासणारे पथक, असावे, आणि त्यात मुख्याध्यापक, समुपदेशक, मानसिक आरोग्याचे जाणकार व पोलीस एकत्र बसत असावेत. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जण मारले गेले, त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. हल्लेखोराविषयीची माहिती वेगवेगळ्या कार्यालयांत पडून होती आणि गोपनीयतेच्या कायद्याच्या चुकीच्या समजुतीमुळे ती एकत्र आली नाही, असे चौकशीत दिसले. त्याच राज्याने २०१३ मध्ये सर्व सरकारी शाळांना अशी पथके सक्तीची केली. ‘गोपनीयतेमुळे सांगता येत नाही’ हे उत्तर आपल्यालाही मिळेल. दुसऱ्याच्या मुलाविषयी ते योग्यच आहे. परंतु सुरक्षेला तातडीचा धोका असताना शाळेला पोलिसांना माहिती देता येते, अशी सवलत त्याच केंद्रीय कायद्यात आहे, म्हणून आपला प्रश्न मुलाविषयी नव्हे, तर पद्धतीविषयी ठेवावा.

मिशिगनमधील ऑक्सफर्ड हायस्कूलचे प्रकरण या संदर्भात प्रत्येक पालकाने तपशिलाने वाचावे. ३० नोव्हेंबर २०२१ च्या सकाळी शिक्षिकेला एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या गणिताच्या कागदावर बंदुकीचे चित्र आणि हिंसक मजकूर दिसला. आईवडिलांना बोलावले गेले, त्यांनी त्याला घरी नेले नाही, शाळेने दप्तर तपासले नाही, आणि तो वर्गात परतला. दप्तरात पिस्तूल होते. त्याच दुपारी चार विद्यार्थी त्याच्या गोळ्यांना बळी पडले. २०२४ मध्ये त्याचे आई आणि वडील दोघेही सदोष मनुष्यवधात दोषी ठरले आणि प्रत्येकाला दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. अशा बैठकीनंतर मुलाला वर्गात परत पाठवण्याचा निर्णय कोण घेतो आणि त्याआधी दप्तर तपासणे बंधनकारक आहे का, एवढे आपल्या शाळेला विचारावे.

मूल ज्यांच्या घरी खेळायला जाते तेथे बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का, हे विचारणे आपल्याला आगाऊपणाचे वाटते. शेंगदाण्याच्या अॅलर्जीबद्दल आपण निःसंकोच सांगतो, त्याच फोनवर हेही विचारावे. एखादी व्यक्ती धोकादायक वाटत असेल तर तिच्याकडील शस्त्रे काही काळ काढून घेण्याचा न्यायालयीन आदेश वीसहून अधिक राज्यांत मिळू शकतो. अर्ज करण्याचा अधिकार कोठे केवळ पोलिसांना, कोठे कुटुंबीयांना, तर न्यूयॉर्कसारख्या राज्यात शाळेच्या अधिकाऱ्यांनाही आहे.

आपल्या मुलालाही एक गोष्ट स्पष्ट सांगावी. ‘उद्या शाळा उडवतो’ हा गटातील विनोद येथे गुन्हा ठरू शकतो. पोलीस चौकशीसाठी आले तर सभ्यपणे वकील मागावा, आणि कुटुंब व्हिसावर असेल तर इमिग्रेशनच्या वकिलालाही त्याच दिवशी कळवावे.

दुर्दैवाने काही घडलेच, तर शहर किंवा डिस्ट्रिक्टवर दावा करण्यापूर्वी लेखी सूचना द्यावी लागते आणि तिची मुदत अतिशय कमी असते. इजेच्या दाव्यासाठी ती न्यूयॉर्कमध्ये साधारणपणे ९० दिवस, तर कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये सहा महिने आहे. अनेक शहरांच्या सनदेत ती याहूनही कमी असते. बॉडी कॅमेऱ्याचे चित्रण, ९११ चे ध्वनिमुद्रण आणि वायरलेसवरील संभाषण जपून ठेवावे, असे पत्र पोलीस खात्याला आणि डिस्ट्रिक्टला पहिल्याच आठवड्यात वकिलामार्फत पाठवावे, कारण नेहमीच्या नियमानुसार जुने चित्रण ठरावीक दिवसांनी पुसले जाते.