वस्तीतल्या मुलामुलींना शहरातल्या झाडांच्या कामात उभं कसं करायचं

मुंबई-पुण्यात झाडांचं काम बारमाही असतं. मार्च ते मे पावसाळ्यापूर्वीची छाटणी, जून-जुलैत लागवड, पुढे बुंध्याभोवती आळी करणं, पाणी, कीड, वृक्षगणना. वस्तीतली पोरं मात्र यात शिरतात ती छाटलेल्या फांद्या टेम्पोत भरायला, रोजंदारीवर, आणि पाऊस लागला की घरी बसतात. हे टाळायचं तर शिकवणाऱ्या संस्थेने मुलांची तुकडी जानेवारीत सुरू करावी, म्हणजे छाटणीच्या हंगामापर्यंत हाताला वळण लागतं.

दहा-बारा जण पुरेत, आणि मुलीही हव्यात. शिकण्याच्या दिवसांची मजुरी द्या, तीही दर आठवड्याला. नुसती फी माफ करून भागत नाही. ज्या घरात रोजचा पैसा लागतो तिथलं पोर महिनाअखेरपर्यंत थांबूच शकत नाही. पहिल्या आठवड्यात कागद बघा. आधार, बँक खातं आणि शाळेचा दाखला यांवर नाव वेगवेगळं असलं की पुढे पीएफपासून प्रवेशापर्यंत सगळं अडतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अठरा पूर्ण झालेल्यांना वर्षाला २० रुपयांत २ लाखांपर्यंतचा अपघात विमा मिळतो. विमा काढल्याशिवाय कुणाला झाडाखालीही उभं करू नका. अठरा वर्षांखालच्यांना चढणं आणि यंत्रं पूर्ण बंद.

पहिला महिना जमिनीवरच. पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, करंज, बहावा, ताम्हण अशी पंचवीसेक झाडं फुलं नसताना, पान आणि सालीवरून ओळखता आली पाहिजेत. मग टेप. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा. प्रत्येक जण आपापल्या छातीच्या उंचीवर टेप लावतो आणि एकाच झाडाचे दोन आकडे येतात, म्हणून खूण केलेली काठी सोबत असू द्या. उतारावर वरच्या बाजूने मोजा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास: १५७ सेंमी घेर म्हणजे ५० सेंमी. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरांत दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते, त्यामुळे नोंद चोख करणाऱ्याला काम मिळतं.

छाटणी शिकवताना सर्वांत जास्त वेळ कापावर द्या, आणि सुरुवात हात पोचेल अशा फांद्यांवर करा. जाड फांदी वरून एकाच कापात तोडली तर ती खाली येताना खोडाची साल सोलत नेते. म्हणून काप तीन. पहिला खोडापासून फूटभर लांब, खालून, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या दोन-तीन इंच पुढे, वरून. फांदी इथे सुटते. उरलेला खुंट तिसऱ्या कापात, पण फांदीच्या बुडाशी असलेली फुगीर कड शाबूत ठेवून. जखम भरते ती त्या कडेतून. कड कापली किंवा वीतभर खुंट ठेवला की कूज खोडात उतरते, आणि डांबर फासून ती थांबत नाही.

तारेजवळची फांदी वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय हातात घ्यायची नाही. ओल्या दोरातूनही वीज येते. वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी कुठे आहे, हे मुकादमाला विचारायची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावा. १९७५ च्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष, म्हणजे खास जपायचं झाड ठरतं, त्यामुळे हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा झाला आहे.

ठेकेदाराकडे पाठवताना मजुरी खात्यात, पीएफ आणि हेल्मेट-पट्टा या तिन्ही गोष्टी आधी लेखी ठरवा. जूनमध्ये हीच मुलं लागवडीवर आणि रोपवाटिकेत जातील याची बोलणी एप्रिलमध्येच करा; पाऊस सुरू झाल्यावर जागा भरलेल्या असतात. ज्यांना पुढे शिकायचंय त्यांना नाशिकच्या मुक्त विद्यापीठात नोकरी सांभाळून उद्यानविद्या शिकता येते. आणि प्रत्येक हंगामानंतर अनुभवाचा दाखला घ्या. त्यात ‘मजूर’ एवढंच नको: कोणत्या जातीची झाडं, किती, कोणतं काम, कोणती अवजारं, हे सगळं लिहून घ्या.