जुन्या आयपॉडची बॅटरी घरच्या घरी बदलायची असेल तर

दादाने 2006 ला अमेरिकेहून येताना आणलेला 30 जीबीचा आयपॉड अजून आमच्याकडे आहे, व्हिडिओवाला, पाचवी जनरेशन म्हणतात तो. मधली सात-आठ वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होता, मागच्या दिवाळीच्या साफसफाईत सापडला, चार्जिंगला लावला तर चक्क चालू झाला आणि वायर काढली की अर्ध्या गाण्यात बंद. नवा होता तेव्हा ॲपल कंपनी 14 तास चालतो म्हणायची. तर त्याची बॅटरी मी बदलली आणि आता रोज वापरतोय. सगळं सविस्तर लिहितोय कारण व्हिडिओ बघून वाटतं पाच मिनिटांचं काम आहे, आणि बॅटरीचं काम खरंच पाच मिनिटांचं आहे हो, पण ते डबडं उघडायलाच मला पाऊण तास लागला.

पहिलं म्हणजे बॅटरीच गेलीय ना याची खात्री करा, उगाच पैसे घालवू नका. वायर लावून ठेवा आणि त्याच अवस्थेत गाणी वाजवून बघा. वायरवर तासभर नीट वाजतोय आणि काढल्यावर मरतोय म्हणजे बॅटरी. आतून टक टक आवाज येतोय आणि स्क्रीनवर रडका आयपॉड दिसतोय तर हार्ड डिस्कचा घोटाळा आहे, बॅटरी बदलून काही होणार नाही. अजून एक, समोरचं चाक दाबायला अचानक कडक लागतंय किंवा कडेची फट रुंद झालीय असं वाटलं तर बॅटरी फुगलीय असं समजा. लिथियम बॅटरी जुनी झाली की आत वायू तयार होतो आणि ती उशीसारखी फुगते. मग तो चार्जिंगला अजिबात लावू नका.

आता खरेदी. इथे बरेच जण फसतात. पाठीवर बारीक अक्षरात मॉडेल नंबर असतो, पाचव्या जनरेशनचा ए 1136. त्याच पाठीवर किती जीबी तेही लिहिलेलं असतं. 30 जीबीवाला पातळ, साधारण 11 मिलिमीटर, आणि 60 किंवा 80 जीबीवाला जाड, 14 मिलिमीटर, दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या. जाड बॅटरी पातळ्यात कोंबली तर झाकण बसणार नाही आणि बसवलंच तर ती दाबली जाऊन भलतंच काही होईल. त्यात 80 जीबी म्हणजे पाचवी जनरेशन असेलच असं नाही, 2007 ला आलेला क्लासिक पण 80 जीबीत होता, त्याचा नंबर ए 1238 आणि त्याची समोरची बाजू सुद्धा धातूची असते. तुमच्याकडे तो असेल तर खरं सांगू का, पहिल्यांदाच करत असाल तर त्याच्या नादी लागू नका. धातूत धातू इतका गच्च बसलेला असतो की लोक पातळ लोखंडी पट्ट्या घालून उघडतात आणि पाठ वाकडी करून बसतात. पाचव्याचं तोंड प्लास्टिकचं आहे म्हणून तो ऐकतो तरी.

आणि बॅटरीवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. मूळ 30 जीबीची बॅटरी 400 एमएएचच्या (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) आसपास होती, त्याच आकाराच्या बॅटरीवर कोणी हजार-बाराशे छापलं असेल तर ती निव्वळ फेकाफेक. न वापरता पडून राहिलेली बॅटरी पण म्हातारी होतेच, त्यामुळे ओरिजिनल जुना स्टॉक असं कोणी कौतुकाने सांगितलं तर लांबूनच नमस्कार. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने पहिली पाठवली ती पाकिटातच पुरीसारखी टम्म फुगलेली, परत केली. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत शोधणार असाल तर आयपॉड सोबत न्या, नुसतं तोंडी सांगून दुकानदार भलतीच बॅटरी हातात देतो.

हत्यारं फार लागत नाहीत, स्क्रू ड्रायव्हर तर लागतच नाही कारण बाहेरून एकही स्क्रू नाही. मोबाइल उघडायची प्लास्टिकची पट्टी, गिटार वाजवायचे दोन-तीन प्लेक्ट्रम, चिमटा, झालं. सुरी आणि किचनमधला चमचा बाजूला ठेवा, पत्र्याच्या पाठीला एकदा खाच पडली की ती कायमची.

सुरुवात करताना चार्ज जितका उतरवता येईल तितका उतरवा आणि वरचा होल्डचा खटका लॉकवर, म्हणजे केशरी रंग दिसेल असा सरकवा, नाहीतर उघडताना हात लागून चालू होतो. मग लांब बाजूच्या फटीत प्लास्टिकची पट्टी घुसवायची, प्लास्टिक आणि पत्रा यांच्या मध्ये. इथेच संयम लागतो. पट्टी घसरते, परत घालायची, परत घसरते, मी तर दोनदा उठून चहा करून आलो. एकदा टक असा आवाज आला की तिथे प्लेक्ट्रम अडकवून ठेवायचा म्हणजे ती जागा परत बंद होत नाही आणि पट्टी पुढे सरकवत जायचं. एक बाजू सुटली की दुसरी फार त्रास देत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सुटलं म्हणून झटका देऊन उघडू नका!! आत पाठ आणि पुढचा भाग दोन केशरी रंगाच्या पातळ पट्ट्यांनी जोडलेले असतात, एक बॅटरीची, एक हेडफोनच्या जॅकची. आधी थोडीशीच फट करून बॅटरीची पट्टी सोडवायची. तिच्या सॉकेटवर तपकिरी रंगाचं बारीक लॉक असतं, ते जेमतेम 2 मिलिमीटर वर उचलायचं, पूर्ण उपटायचं नाही, उपटलं तर ते परत बसवताना डोळ्यांत पाणी येईल. लॉक वर आलं की पट्टी आपोआप सैल होते. मग वही उघडावी तशी पाठ बाजूला टेबलावर ठेवता येते. हेडफोनची पट्टी हार्ड डिस्कच्या खाली आहे, तिचं लॉक उभं उचललं जातं. ती सोडवली तर काम मोकळेपणाने होतं, पण मी सोडवली नाही, पाठ जपून धरून ठेवली, मला तेवढ्यासाठी दुसरं लॉक छेडायचं नव्हतं.

बॅटरी पाठीला चिकटवलेली असते. प्लास्टिकची पट्टी खालून सरकवत हळूहळू सोडवा, निघत नसेल तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकून जरा थांबा. वाकवायची नाही, टोकदार काही लावायचं नाही, भोक पडलं तर पेटू शकते, आणि हे घाबरवायला म्हणत नाहीये.

नवी बॅटरी त्याच जागी, त्याच दिशेने ठेवा, पट्टी सॉकेटमध्ये सरळ आणि शेवटपर्यंत घाला, मग लॉक खाली दाबा. पण झाकण लगेच लावू नका, लोक हीच घाई करतात. होल्ड काढा, मेन्यू आणि मधलं बटन एकत्र सहा-आठ सेकंद दाबून धरा, सफरचंद दिसलं की अर्धी लढाई जिंकली. हेडफोन लावून दोन्ही कानात आवाज येतोय का बघा. एकाच कानात येतोय किंवा होल्ड चालत नाहीये तर हेडफोनची पट्टी हललीय, कारण जॅक आणि होल्ड दोन्ही तिच्याच जिवावर चालतात. सगळं ठीक असेल तरच पट्ट्या कुठे चिमटत नाहीत ना बघून कडेकडेने दाबत बंद करा. पहिलं चार्जिंग पूर्ण करा, चारेक तास लागतात.

उघडलाच आहे तर हार्ड डिस्क काढून अडॅप्टरने एसडी कार्ड टाकावं का, असं भावाने विचारलं होतं. टाकता येतं, फिरणारी डिस्क गेली की बॅटरी पण जास्त पुरते. पण माझी डिस्क अजून सुरू आहे आणि गाणं बदलताना तिची ती बारीक घर्रर्र मला आवडते, म्हणून राहू दिली.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबताना ती फुटली तर गाडीत आग लागते. तिच्या पट्टीच्या टोकाला सेलोटेप लावा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे देईपर्यंत कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. माझी अजून गॅलरीत बिस्किटाच्या डब्यात आहे, वर आईने खडूने लिहिलंय, उघडू नये.