पाडलेला बंगला शोधायचा कसा? योंकर्सच्या ग्रेस्टोनचं उदाहरण

न्यूयॉर्कच्या वर योंकर्सला अंटरमायर गार्डन आहे, आपले लोक जातात, फोटो काढतात, येतात. पण एवढी बाग ज्या बंगल्याची तो कुठाय, हे कोणी विचारत नाही, तो 1948 मध्येच पाडला. असा गायब बंगला कागदावर कसा शोधायचा ते सांगतो.

पहिलं म्हणजे वकिलाच्या नावाने सर्च करत बसू नका. सॅम्युअल अंटरमायर हा गडगंज वकील, त्याने हडसनकाठची ही जागा 1899 ला घेतली, पण बंगला बांधला वेअरिंग नावाच्या हॅटवाल्याने आणि मधे 1879 पासून मालक होता सॅम्युअल टिल्डन, म्हणजे तोही वकील आणि तोही सॅम्युअल! (1876 ला प्रेसिडेंटची निवडणूक एका इलेक्टोरल मताने हरला तोच हा.) दोघांची खिचडी होते हो. त्यापेक्षा बंगल्याचं नाव धरा, ग्रेस्टोन, आणि स्पेलिंगमध्ये ए आणि ई दोन्ही टाकून बघा, जुन्या कागदांत दोन्ही सापडतं.

मग काउंटी क्लार्कचे, म्हणजे जिल्ह्याचे कागद सांभाळणाऱ्या ऑफिसचे, खरेदीखतांचे रेकॉर्ड. आपल्याकडे सातबाऱ्यावरून फेरफार काढत मागे जातो ना, अगदी तसंच, विकणारा कोण घेणारा कोण असं एकेक पायरी मागे.

जुने नकाशे तर सोडूच नका. आगीच्या विम्यासाठी काढलेले सॅनबॉर्न नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत, त्यात गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड, एकदा डोळा बसला की घर कशाचं होतं ते लगेच कळतं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीकडेही जुने नकाशे भरपूर, आणि गंमत म्हणजे 1895 ला ही लायब्ररी उभी राहिली त्यात टिल्डनने मागे ठेवलेला पैसा होता. म्हणजे त्याच्याच घराचा शोध त्याच्याच पैशावर!

बंगला का गेला हे मृत्युपत्राच्या भानगडीत शोधायचं. अंटरमायर 1940 ला गेला, जागा सरकारला द्यायची त्याची इच्छा, पण एवढा खर्च पोसणार कोण, शेवटी 1946 ला योंकर्सने थोडा भाग घेतला. माझ्या मते खरा बळी तिथेच गेला, हातोडा नंतर पडला.

एवढं झालं की मग प्रत्यक्ष जा. ग्रँड सेंट्रलहून हडसन लाइन पकडा, स्टेशनचं नाव बघा, ग्रेस्टोन! घर गेलं, पाटी राहिली. भिंतीआडच्या बागेत पाण्याचे चार पाट आहेत, आपल्या मुघल चारबागेसारखे, आणि टोकाला खांबांवर दोन स्फिंक्स (माणसाचं डोकं, सिंहाचं धड), ते पॉल मॅनशिप या शिल्पकाराचे, रॉकफेलर सेंटरचा सोनेरी प्रोमिथियस ज्याने केला तोच. पुढे नदीकडे उतरणाऱ्या लांबलचक पायऱ्या आहेत, उतरताना मस्त वाटतं, पण वर पण त्याच चढायच्यात, तेव्हा बरोबर आई-बाबा असतील तर त्यांना वरच बाकावर बसवा.