नाशिकमध्ये माणसं कामाला घेताना: आकडा, तारीख आणि कागद

अंबडचं छोटं वर्कशॉप असो, मेनरोडवरचं कापडदुकान असो की पिंपळगावकडचं द्राक्षांचं पॅकहाऊस, माणूस ठेवताना मालक बहुतेक वेळा फक्त पगार ठरवतो. पगाराच्या वर काय भरावं लागेल आणि सरकारकडून काय पदरात पडेल, हे ठरतं दोन गोष्टींवर: हजेरीवर एकूण माणसं किती आणि नवा माणूस रुजू कधी झाला.

आधी मोजणी

मोजणीत कायम कामगारांबरोबर रोजंदारीवरचे, हंगामी आणि ठेकेदारामार्फत आलेलेही येतात. कायद्याखाली रीतसर नोंदवलेला अप्रेंटिस येत नाही.

पहिल्याच पगारी माणसापासून व्यवसाय कर सुरू होतो. दोन क्रमांक लागतात. पीटीईसी मालकाचा स्वतःचा, वर्षाला २,५०० रुपये. पीटीआरसी कामगारांच्या पगारातून कापलेला कर भरण्यासाठी, आणि तो कपातीची वेळ आल्यापासून ३० दिवसांत घ्यायचा. पुरुष कामगाराला ७,५०० पर्यंत कर नाही, १०,००० पर्यंत महिना १७५ आणि त्यापुढे २०० रुपये, फेब्रुवारीत मात्र ३००. महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर कर नाही. अनेक पगारपत्रकांत अजून महिलांचेही २०० कापलेले दिसतात. ते थांबवा, आणि कापलेले परत करा.

५ माणसं झाली की कामगार कल्याण निधी लागू होतो: जून आणि डिसेंबरमध्ये कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. रक्कम किरकोळ, पण विसर हमखास पडतो.

१० हा खरा उंबरठा. इथे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), ग्रॅच्युइटी आणि प्रसूती लाभ एकदम लागू होतात. महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही नेमावी लागते. अध्यक्षपदी वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नसेल तर दंड ५०,००० रुपयांपर्यंत जातो.

२० वर पीएफ येतो. विजेवर चालणारा कारखाना असेल तर कारखाना नोंदणीही. दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये नोंदणीची मर्यादा १० कामगारांची होती, २०२५ च्या दुरुस्तीने ती २० वर गेली. त्याखालच्या दुकानाने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत. ती सूचनाही बरेच जण देत नाहीत आणि मग बँकेत चालू खातं उघडताना अडतात. मराठी देवनागरी पाटीचा नियम मात्र एका माणसाच्या दुकानालाही आहे, आणि मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत.

ईएसआय आणि पीएफ एकदा लागू झाले की पुढे माणसं कमी झाली तरी सुटत नाहीत. म्हणून हंगामापुरता आकडा १० किंवा २० वर नेताना तो निर्णय कायमचा समजूनच घ्या. उलट, दहावा माणूस हजेरीवर न दाखवणं हा मार्ग अजिबात धरू नका. प्रेस मशिनवर बोटं गेली तर ईएसआय नसलेल्या कामगाराची भरपाई मालकाच्या खिशातून जाते, आणि त्याच्या घराला आयुष्यभर मिळू शकणारं अपंगत्वाचं निवृत्तिवेतन बुडतं.

१५,००० च्या पगाराचा हिशेब

२० हून जास्त माणसांचं युनिट, पुरुष कामगार, पीएफसाठी धरायचं वेतन १५,००० असं समजा. मालकाचा ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ४८८ रुपये. पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, त्यातले १,२५० पेन्शनकडे आणि ५५० पीएफकडे. विम्याचे ७५ आणि प्रशासकीय खर्चाचे ७५ (हा खर्च पूर्ण आस्थापनेचा मिळून महिन्याला किमान ५००). मालकाला माणूस पडतो १७,४३८ ला. कामगाराचे पीएफचे १,८००, ईएसआयचे ११३ आणि व्यवसाय कराचे २०० कापून हातात १२,८८७. मुलाखतीतच हे दोन्ही आकडे कागदावर लिहून दाखवा. पहिल्या पगाराच्या दिवशी होणारी निम्मी भांडणं ‘हातात किती’ यावरून होतात.

पीएफ आणि ईएसआयची चलनं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. मार्च २०२६ पर्यंत कामगाराचा कापलेला हिस्सा १६ तारखेला भरला तर आयकरात तो मालकाचं उत्पन्न धरला जायचा आणि नंतर भरूनही वजावट मिळायची नाही. तरीही उशीर होऊ नये म्हणून १० तारीख हीच स्वतःची मुदत ठेवा.

पीएफ कमी बसावा म्हणून मूळ पगार ६,००० आणि बाकी सगळे भत्ते, ही जुनी रचना आता चालणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत. भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले की वरचा भाग वेतनात धरला जातो. नेमणूकपत्रही प्रत्येक कामगाराला देणं बंधनकारक झालं आहे. एक पान पुरतं: हुद्दा, रुजू तारीख, वेतनाची फोड, कामाचे तास, सुट्टी. दोन प्रती, दोघांच्या सह्या.

किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. एकदा तपासलेला आकडा वर्षभर चालवला की सहा महिन्यांची थकबाकी अंगावर येते.

३० टक्के वजावट, आणि ४ ऑगस्ट

आयकरातली ८०-जेजेएए ही सवलत लहान उद्योजक सर्वांत जास्त हातची घालवतात. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलले आहेत. इथे सगळ्यांच्या तोंडी असलेला जुना क्रमांक ठेवला आहे.) नव्या माणसांच्या पगाराचा खर्च नेहमीसारखा वजा होतोच. त्यावर त्याच पगाराच्या ३० टक्के जादा वजावट तीन वर्षं मिळते, नव्या करप्रणालीतही.

१ मेला १८,००० रुपयांवर चार माणसं घेतली. ११ महिन्यांचा पगार ७,९२,०००. त्याचे ३० टक्के २,३७,६००, तीनही वर्षं.

अटी पाळणं अवघड नाही, पण एक चुकली की सगळं जातं. महिन्याचा एकूण मोबदला २५,००० च्या आत हवा. कामगार पीएफचा सभासद हवा. पगार बँकेतून हवा, रोख दिलेला धरत नाहीत. आदल्या वर्षअखेरीपेक्षा एकूण माणसं वाढलेली हवीत, म्हणजे दोन गेले आणि दोन आले तर वाढ शून्य. वर्षात २४० दिवस नोकरी हवी, तयार कपडे, पादत्राणं आणि चामड्याच्या उद्योगात १५०.

३१ मार्चपासून मागे मोजलं तर २४० दिवसांसाठी शेवटची तारीख ४ ऑगस्ट येते. दिवाळीच्या तोंडावर घेतलेला माणूस त्या वर्षी बसत नाही. तो पुढच्या वर्षी २४० दिवस पूर्ण करत असेल तर त्या वर्षी नवा धरला जातो, म्हणून त्याचं नाव यादीतून काढू नका. सिंहस्थासाठी किंवा द्राक्षांच्या चार महिन्यांसाठी घेतलेली माणसं मात्र यात कुठेच येत नाहीत.

अडतं ते ऑडिटपाशी. ही सवलत कर-लेखापरीक्षण लागू असलेल्यांनाच आहे. उलाढाल १ कोटीच्या वर, आणि रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर १० कोटींच्या वर, तेव्हा ते लागतं. ३ कोटींची पूर्ण बँकेतून चालणारी फर्म त्यामुळे बाहेर राहू शकते. सीएला हा प्रश्न एप्रिलमध्ये विचारा, सप्टेंबरमध्ये नव्हे. सीएचा १०-डीए अहवाल विवरणपत्राच्या मुदतीच्या एक महिना आधी चढवावा लागतो.

केंद्राची रोजगार योजना

पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ दरम्यान निर्माण झालेल्या नोकऱ्या येतात. ५० पेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेने किमान २ माणसं वाढवायची, मोठीने ५, आणि ती सहा महिने टिकवायची. प्रत्येक वाढीव माणसामागे पगार १०,००० पर्यंत असेल तर महिना कमाल १,०००, २०,००० पर्यंत २,००० आणि त्यापुढे १ लाखापर्यंत ३,००० रुपये, दोन वर्षं. कारखानदारीला चार वर्षं. आयुष्यात पहिल्यांदा पीएफमध्ये येणाऱ्या कामगाराला स्वतःला एका महिन्याच्या वेतनाइतके, कमाल १५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. हे त्याला सांगा, सहा महिने टिकायला त्याचाही फायदा आहे.

पैसे अडकतात ते बहुधा नावातल्या फरकामुळे. आधारवर ‘ज्ञानेश्वर’ आणि बँकेत ‘दन्यानेश्वर’ असं असेल तर रुजू होण्याआधीच दुरुस्ती करून घ्या. नवा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) उमंग ॲपवर चेहरा पडताळून कामगाराच्या मोबाइलवरूनच काढायचा. तुमची मूळ कामगारसंख्या किती धरली आहे ते पोर्टलवर आधी बघा, वाढ तिथून मोजली जाते.

माणसं आणि मदत कुठे

शिकाऊ मुलांसाठी सातपूरच्या आयटीआयशी थेट बोला. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं ऐच्छिक आहे, ३० पासून सक्तीचं. विद्यावेतन ९,००० ठरलं तर १,५०० रुपये केंद्र सरकार मुलाच्या खात्यात टाकतं, ७,५०० मालकाचे. करार अप्रेंटिसशिप पोर्टलवर मंजूर झाल्यावरच मुलाला मशिनवर उभं करा. तोंडी ठेवलेला ‘शिकाऊ’ कायद्याच्या नजरेत कामगारच असतो, पीएफ-ईएसआयसकट.

कुशल माणसासाठी महास्वयम पोर्टलवर जागा टाका, शुल्क नाही. नवं युनिट टाकत असाल तर त्र्यंबक रोडवर उद्योग भवनातलं जिल्हा उद्योग केंद्र गाठा. पीएमईजीपी या केंद्राच्या कर्ज-अनुदान योजनेत शहरी भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के. शहराच्या हद्दीबाहेरची जागा म्हणूनच विचारात घेण्यासारखी असते. अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकतं आणि मग कर्जात वळतं होतं. पहिल्या वर्षाच्या पगारासाठी त्यावर विसंबू नका. चालू धंद्याला ही योजना सहसा मिळत नाही.

लहान उद्योगांची उद्यम नोंदणी मोफत आहे, शुल्क मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत. निमा आणि आयमा या नाशिकच्या उद्योजक संघटनांकडे कामगार कायद्यातल्या बदलांची चौकशी करता येते.