क्लच कव्हर घरीच बदललं

दांडिया बाजारातल्या वाड्यासमोर बाबांची जुनी शंभर सीसी मोटरसायकल उजवीकडे आडवी झाली आणि क्लच कव्हरला, म्हणजे इंजिनाच्या उजव्या बाजूच्या झाकणाला, चीर गेली. ऑइल टिपकू लागलं.

ऑइल काढलं, किक आणि क्लच केबल सोडवली. बोल्ट सगळे आठच्या पान्याचे, पण लांबी वेगवेगळी! पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचला. हे कराच, लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर केसिंगच फुटेल.

खरा वेळ खाल्ला जुन्या गास्केटनं, म्हणजे कव्हर आणि इंजिनामधल्या गळती रोखणाऱ्या पातळ थरानं. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच गळती. डिझेलच्या फडक्यानं भिजवून, प्लास्टिकच्या पट्टीनं तासभर घासलं. कव्हर नेमकं जागेवर बसवणाऱ्या डॉवेल पिना, नवं गास्केट, नवं कव्हर, मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले, शेवटी साधारण 10 न्यूटन-मीटर. नवं ऑइल भरलं.

सकाळी गाडीखालचं वर्तमानपत्र कोरडं होतं. बाबांना तेच आधी दाखवलं.